मूत्रपिंड, रक्त आणि रोजचे काम

मूत्रपिंडाचे कार्य काय, असा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारला की विद्यार्थी बहुधा एका दमात उत्तर देतो, "रक्त गाळणे आणि मूत्र तयार करणे." उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. मुठीएवढ्या ह्या दोन अवयवांकडे रक्तदाब सांभाळणे, ड जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देणे, रक्तातील आम्ल व क्षार यांचा तोल राखणे अशी आणखीही कामे असतात. आणि अस्थिमज्जेला 'तांबड्या पेशी तयार कर' असा निरोप धाडण्याचे कामही त्यांचेच. क्रमिक पुस्तकात हे शेवटचे काम एका ओळीत उरकलेले असते. त्या एका ओळीचा अर्थ गेली काही वर्षे मी स्वतःच्या शरीरावर शिकतो आहे.

मी प्राणिशास्त्राचा अध्यापक. २०१५ साली विम्याच्या वैद्यकीय तपासणीत माझ्या लघवीत प्रथिने सापडली, रक्तदाब वाढलेला निघाला आणि रक्तातील क्रिएटिनिन १.९ भरले. त्या वेळी मला कोणताही त्रास होत नव्हता. ह्या विकाराचे हेच वैशिष्ट्य आहे. तो पुष्कळ काळ मुकाट्याने वाढतो. आज मूत्रपिंडांची गाळण्याची शक्ती एक-पंचमांशाच्या आसपास उरलेली असताना मी वर्गावर जातो, प्रात्यक्षिके घेतो, उत्तरपत्रिका तपासतो. ते कसे शक्य होते आणि त्यामागे कोणते शास्त्र आहे, हे विद्यार्थी व सहकारी ह्यांच्यापुढे मांडावे एवढाच ह्या लेखाचा हेतू.

गाळणीचे गणित

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना आपण नेफ्रॉन म्हणतो. हृदयातून दर मिनिटाला जे पाच लिटर रक्त बाहेर पडते त्यातील एक लिटरहून थोडे अधिक एकट्या मूत्रपिंडांकडे जाते. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातील दीड-दोन लिटर सोडून बाकी सारा पुन्हा रक्तात शोषून घेतला जातो.

गाळण्याचा हा वेग म्हणजेच जी. एफ. आर. निरोगी तरुण माणसात तो मिनिटाला ९० ते १२० मिलिलिटर असतो. तो साठाच्या खाली उतरला, किंवा लघवीतून प्रथिने जाण्यासारखी इजेची खूण दिसली, आणि ही स्थिती तीन महिन्यांहून अधिक टिकली, तर त्याला मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार म्हणतात. पंधराच्या खाली घसरला की पाचवी, म्हणजे शेवटची पायरी आली. २०१५ साली माझा आकडा ४४ होता, २०२१ साली २४ झाला, आता विसाच्या आगेमागे आहे. एकदा नष्ट झालेला नेफ्रॉन पुन्हा तयार होत नाही. उरलेल्या नेफ्रॉनांवर कामाचा ताण वाढतो आणि त्या ताणाने तेही झिजतात. म्हणून सारा उपचार घसरणीचा वेग कमी करण्यासाठी असतो. रक्तदाब ताब्यात ठेवणे, मधुमेह असल्यास साखर ताब्यात ठेवणे आणि प्रथिनांची गळती थांबवणारी औषधे घेणे ही त्याची मुख्य अंगे.

निरोप आणि निरोप्या

आता त्या एका ओळीकडे वळू. आपल्या तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. मरणाऱ्या पेशींची जागा भरण्यासाठी अस्थिमज्जेला दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी तयार कराव्या लागतात. किती करायच्या हे मज्जा स्वतः ठरवत नाही. मूत्रपिंडाच्या बाह्यस्तरात, सूक्ष्मनलिकांच्या शेजारी काही पेशी असतात. त्यांना प्राणवायूची कमतरता जाणवली की त्या एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. हा निरोप पोचला की मज्जेचे काम वाढते. प्रौढ माणसात हे संप्रेरक मुख्यत्वे मूत्रपिंडात तयार होते, थोडेसे यकृतात. गर्भावस्थेत मात्र यकृत हेच त्याचे मुख्य केंद्र असते.

मूत्रपिंड झिजले की निरोप क्षीण होतो. मज्जा निरोगी असूनही स्वस्थ बसते. ह्यातून जो पंडुरोग होतो तो आपल्या परिचयाच्या, लोहाच्या अभावाने होणाऱ्या पंडुरोगाहून वेगळा. आमच्या कानडी विभागातील स्नेही पंडुरोगाला 'रक्तहीनते' म्हणतात. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे, पण ह्या रोगात रक्ताचे आकारमान कमी झालेले नसते. त्यातली प्राणवायू वाहणारी माणसे कमी झालेली असतात, असे म्हणावे लागेल.

शोधाची कथा

मूत्रपिंडाचे रोगी पांढरे पडतात हे निरीक्षण जुने आहे. लंडनच्या गाइज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट ह्याने १८२७ साली मूत्रपिंडाच्या रोगाचे वर्णन केले. पुढे १८३९ साली एडिनबर्गच्या रॉबर्ट ख्रिस्तिसनने अशा रोग्यांच्या रक्तातील तांबडा अंश घटतो हे नोंदवले. कारण मात्र कोणाला ठाऊक नव्हते.

१९०६ साली पॅरिसमध्ये पॉल कार्नो आणि त्यांची सहकारी क्लोतिल्द देफ्लांद्र ह्यांनी एका सशाचे रक्त काढले, आणि नंतर त्याच सशाचा रक्तद्रव दुसऱ्या निरोगी सशाला टोचला. दुसऱ्या सशाच्या तांबड्या पेशी वाढल्या, असे त्यांनी जाहीर केले. रक्तात असा काही पदार्थ फिरतो ही कल्पना त्यातून पुढे आली. इतरांना हा प्रयोग नीट साधेना, म्हणून ती बरीच वर्षे बाजूला पडली. १९४८ साली फिनलंडमधील बॉन्सडॉर्फ व यालाविस्तो ह्या दोघींनी ह्या पदार्थाला एरिथ्रोपोएटिन हे नाव दिले. १९५३ साली अ‍ॅलन अर्स्लेव्ह ह्यांनी रक्तद्रवाचे प्रमाण पुष्कळ वाढवून सशांवरचा प्रयोग निर्विवाद सिद्ध केला. राहिला प्रश्न उगमाचा. १९५७ साली शिकागोच्या लिऑन जेकबसन, यूजीन गोल्डवॉसर आणि सहकाऱ्यांनी उंदरांचे एकेक अवयव काढून पाहिले. मूत्रपिंडे काढल्यावरच निरोप थांबतो असे त्यांना आढळले. प्रयोगाची रचना कशी असावी हे शिकवण्यासाठी मी वर्गात हेच उदाहरण देतो.

त्यानंतर शुद्ध पदार्थ हाती यायला वीस वर्षे लागली. जपानमधील ताकाजी मियाके ह्यांनी पंडुरोगाच्या एका विशिष्ट प्रकारातील रोग्यांची २,५५० लिटर लघवी जमवली, कारण त्या रोग्यांच्या लघवीत हे संप्रेरक विपुल असते. ती आटवून ते शिकागोला घेऊन गेले आणि १९७७ साली गोल्डवॉसर ह्यांच्या प्रयोगशाळेत त्यातून जेमतेम काही मिलिग्रॅम शुद्ध एरिथ्रोपोएटिन मिळाले. त्याच्या आधारे फू-कुएन लिन आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली त्याचे जनुक वेगळे केले. १९८७ साली जोसेफ एशबाख व सहकाऱ्यांनी कृत्रिम मूत्रपिंडावर असलेल्या रोग्यांत त्याचा गुण दाखवून दिला आणि १९८९ साली अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. तत्पूर्वी अशा रोग्यांना वारंवार रक्त चढवण्यावाचून फारसा इलाज नसे.

कथेचा शेवटचा भाग अलीकडचा. पेशीला प्राणवायूची उणीव कळते कशी? केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा ह्या तिघांना ह्या प्रश्नाच्या उत्तराबद्दल २०१९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीत एक प्रथिन सतत तयार होत असते. प्राणवायू भरपूर असेल तर एक वितंचक त्यावर खूण करते आणि ते नष्ट केले जाते. प्राणवायू कमी पडला तर खूण होत नाही, प्रथिन टिकते आणि एरिथ्रोपोएटिनचे जनुक जागे करते. ते वितंचक रोखणाऱ्या गोळ्या आता निघाल्या आहेत. त्यांपैकी डेसिड्युस्टॅट ही भारतात विकसित झालेली गोळी २०२२ साली येथे मान्य झाली.

प्राणवायूचा हिशेब

पंडुरोगात नेमके काय होते ते थोड्या अंकगणिताने स्पष्ट होते. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहते. हिमोग्लोबिन १५ ग्रॅम टक्के असेल तर १०० मिलिलिटर रक्तात २० मिलिलिटर प्राणवायू मावतो. म्हणजे हृदयाच्या मिनिटाच्या पाच लिटरांत एक हजार मिलिलिटर. माझे हिमोग्लोबिन २०२१ साली ८.९ होते. ते नऊ धरले तर तोच आकडा सहाशेवर येतो.

स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू लागतो. सहाशेतून अडीचशे निघतात, म्हणून खुर्चीत बसलेला रोगी धडधाकट दिसतो. पण जिना चढताना ही गरज कितीतरी पटींनी वाढते. निरोगी माणसापाशी शिल्लक मोठी असते. आमच्यापाशी ती अर्ध्याहून कमी. मग हृदय जलद धावून तूट भरून काढते. हेच वर्षानुवर्षे चालले तर हृदयाचा डावा कप्पा जाड होतो. मूत्रपिंडाच्या रोग्यांना हृदयविकाराचे भय अधिक असते, त्यात ह्या तुटीचाही वाटा आहे.

"चेहऱ्यावरून तर ठणठणीत दिसता!" असे मला एका कार्यालयात रजेचा अर्ज देताना ऐकावे लागले. बोलणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. वरचा हिशेब त्याला कोणी शिकवलेला नव्हता. बसलेला माणूस पाहून चढणाऱ्या माणसाची कल्पना येत नाही, हे मात्र आपण सर्वांनी लक्षात ठेवावे.

लोहाचे बंद दार

संप्रेरक बाहेरून टोचले की प्रश्न सुटला असे वाटेल. तसे होत नाही. निरोप पोचला तरी कारखान्यात कच्चा माल हवा, आणि तो माल म्हणजे लोह. एक ग्रॅम हिमोग्लोबिनात सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. पाच लिटर रक्तात हिमोग्लोबिन दोन ग्रॅम टक्क्यांनी वाढवायचे म्हणजे १०० ग्रॅम नवे हिमोग्लोबिन, आणि त्यासाठी ३४० मिलिग्रॅम लोह. आतडे दिवसाला अवघे एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषते. शरीराचा रोजचा व्यवहार चालतो तो जुन्या पेशी मोडून मिळणाऱ्या वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोहावर.

त्यातच यकृतात हेप्सिडिन नावाचे एक संप्रेरक तयार होते. ते आतड्याच्या आणि साठ्याच्या पेशींतून लोह बाहेर पडण्याचे दार बंद करते. मूत्रपिंडाच्या विकारात शरीरात मंद दाह चालू असतो. त्यामुळे हेप्सिडिन वाढते, आणि मूत्रपिंडावाटे त्याचा निचराही कमी होतो. परिणाम असा की लोह कोठारात असूनही मज्जेपर्यंत जात नाही. म्हणून फेरिटिन आणि ट्रान्सफेरिनची संपृक्तता अशा दोन्ही तपासण्या कराव्या लागतात. पहिलीवरून कोठार कळते, दुसरीवरून वाहतूक. माझी संपृक्तता १४ टक्के होती, म्हणजे वाहतूक जवळजवळ बंद. मला आयर्न सुक्रोज शिरेतून पाच वेळा मिळून १,००० मिलिग्रॅम देण्यात आले आणि मगच डार्बेपोएटिनचे इंजेक्शन पंधरा दिवसांतून एकदा सुरू झाले. चार महिन्यांत हिमोग्लोबिन १०.८ वर आले.

ह्याखेरीज रोगामुळे तांबड्या पेशींचे आयुष्य घटते, वारंवारच्या तपासण्यांत रक्त जाते, कधी ब-१२ किंवा फॉलिक आम्लाची उणीव असते. डॉक्टर ही सर्व कारणे शोधतात, ती शोधू द्यावीत. दुकानातून रक्तवाढीचे टॉनिक आणून पिणे हा त्यावर उपाय नव्हे.

पंधरा का नको?

औषधाने रक्त वाढते तर ते निरोगी माणसाइतके, पंधरापर्यंत का नेऊ नये, असा प्रश्न तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने मला विचारला. डॉक्टरांनीही पूर्वी हाच विचार केला होता. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत ज्यांचे हिमोग्लोबिन साडेतेराकडे नेण्याचा प्रयत्न झाला त्यांच्यात मृत्यू व हृदयाचे गंभीर विकार अधिक झाले. २००९ साली मधुमेही मूत्रपिंडरोग्यांच्या, सुमारे चार हजार जणांच्या चाचणीत तेराच्या आसपासचे ध्येय ठेवलेल्या गटात पक्षाघाताचे प्रमाण जवळजवळ दुप्पट निघाले. म्हणून सामान्यतः दहा ते साडेअकराच्या दरम्यान थांबतात. ज्या रोग्याला निरोगी माणसाचा आकडा घातक ठरू शकतो त्याने थोडक्यात समाधान मानावे, हा इथे उपदेश नसून शास्त्र आहे. सायकल शर्यतींत बक्षिसासाठी हेच औषध टोचून घेणारे खेळाडू निघाले, १९९८ सालच्या फ्रान्समधील शर्यतीत त्याचा मोठा गाजावाजा झाला. निरोगी माणसाचे दाट झालेले रक्त गुठळ्या धरते. आपल्या खेळाडू विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

रक्त का घेतले नाही

त्याच वर्षी महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे रक्तदान शिबिर होते. माझ्या आजाराची बातमी पसरली होती. शिबिर आटोपल्यावर चार-पाच मुले प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. त्यांतला एकजण म्हणाला, "सर, आमच्यात दोघांचा गट तुमच्यासारखाच आहे. लागेल तेवढं न्या." मी त्यांना बसवून घेतले. फळ्यावर एक पांढरी पेशी काढली आणि नकाराचे कारण समजावून सांगितले.

परक्या रक्तातील पांढऱ्या पेशींवर ऊतकांची ओळख पटवणारी प्रथिने असतात. रक्त घेणाऱ्याचे शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते. पुढे मूत्रपिंडाचे आरोपण करायची वेळ आली, तर हीच प्रतिपिंडे नव्या अवयवावर तुटून पडतात आणि जुळणारा दाता मिळणे कठीण होते. म्हणून ज्याला पुढे आरोपणाची आशा आहे त्याने जिवावर बेतल्याखेरीज रक्त घेऊ नये असा संकेत आहे. मुले थोडी हिरमुसली. मी म्हटले, "तुमचे रक्त वाया गेलेले नाही. आज बाळंतीण असेल, अपघातात सापडलेला असेल, त्याला ते मिळेल. माझ्यासाठी काही करायचेच असेल तर घरी जाऊन आईवडिलांचा रक्तदाब मोजून घ्या." त्यांपैकी एका मुलाच्या वडिलांचा रक्तदाब त्या आठवड्यात १७० भरला आणि औषध सुरू झाले. माझ्या अध्यापनाचे इतके रोकडे फळ मला क्वचितच मिळाले असेल.

ताटातले शास्त्र

रक्त कमी आहे असे कळताच आपल्याकडे सल्ल्यांचा पाऊस पडतो. खजूर खा, बीट खा, पालक खा, गूळ-शेंगदाणे खा, शहाळ्याचे पाणी प्या. सल्ला देणाऱ्यांचे प्रेम खरे असते. पण ह्या बहुतेक पदार्थांत पोटॅशियम भरपूर. क्षीण मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही आणि रक्तात ते साचले तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस अचानक दगावू शकतो. लोहासाठी ताटात केलेला बदल अशा रीतीने विषाची परीक्षा ठरतो. माझे पोटॅशियम वाढते असे दिसल्यावर आमच्या घरी भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी टाकून मग फोडणीला जाऊ लागल्या. चव थोडी उतरते, पण पोटॅशियमही उतरते.

मिठाचे तसेच. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर. पापड, लोणचे, फरसाण बाजूला ठेवावे लागते. सैंधव चालते हा समज चुकीचा आहे, कारण तेही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच. 'कमी सोडियमचे' म्हणून मिळणाऱ्या मिठात तर पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते, ते आम्हाला अधिकच धोक्याचे. भरपूर पाणी प्या हा सल्लाही सरसकट लागू नाही. सूज असेल, लघवी कमी होत असेल तर पाणी मोजूनच प्यावे लागते. प्रत्येकाचे ताट त्याच्या तपासणीप्रमाणे ठरते, म्हणून माझे ताट कोणी उचलून आपल्यापुढे ठेवू नये.

वेदनाशामक गोळ्यांविषयी थोडे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ह्यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. गिधाडांची कथा आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून पोटात गेल्याने दक्षिण आशियातील गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली, हे २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ साली भारताने गुरांसाठी त्या औषधावर बंदी आणली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, पण दर गुडघेदुखीला डॉक्टरांना न विचारता ही गोळी गिळण्याइतका कणखरही नाही.

तास, जिना आणि सहकारी

आता कामाविषयी. प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर. दहा पायऱ्यांनंतर वळण, तिथे मी थांबत असे. तिसऱ्या तासाला आवाज बसे, हात गार पडत, वाक्य अर्ध्यावर असताना पुढचा शब्द सापडत नसे. रात्री पायांना चैन नसे. हिमोग्लोबिन वाढल्यावर ह्यातले पुष्कळ कमी झाले, पण सगळे गेले नाही. ते जाणार नाही हे गृहीत धरून मी कामाची मांडणी केली.

प्राचार्यांना तपासणीचे कागद दाखवून सर्व सांगितले. माझे सिद्धांताचे तास सकाळी आणि तळमजल्यावर आले. सलग दोन तास नाहीत. उंच स्टुलावर बसून शिकवतो. फळ्यावरची आकृती विद्यार्थी काढतात, मी बसून दुरुस्त्या सुचवतो. ह्याचा एक अनपेक्षित लाभ झाला: नेफ्रॉनची आकृती आता अर्धा वर्ग डोळे मिटून काढू शकतो. परीक्षेच्या काळात उभे राहून पर्यवेक्षण करण्याऐवजी मी गुणतक्ते तयार करण्याचे बैठे काम घेतो. माझी पाळी घेणारे कानडी विभागातील सहकारी वयाने माझ्याहून वडील. ते मला जिन्यात भेटले की "निधान, सर, निधान" म्हणतात आणि स्वतःही माझ्या गतीने चालू लागतात. आमचे शिपाईमामा नमुन्यांच्या बरण्या मी मागण्याआधीच वर नेऊन ठेवतात. ह्या गोष्टी कोणत्याही नियमावलीत नाहीत.

इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. परगावी मूल्यमापनाला जाताना ते थर्मासमध्ये न्यावे लागते, पण बर्फाला थेट टेकू द्यायचे नाही. गोठले तर औषध निकामी. ह्या औषधाने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून रोज सकाळी मोजून वहीत लिहितो.

नियमांच्या बाबतीत एक वस्तुस्थिती सांगणे जरूर आहे. २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार सांगितले आहेत. त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकल सेल हे रक्ताचे विकार आहेत, मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार नाही. म्हणजे कामाच्या ठिकाणी मिळणारी सवलत ही पुष्कळदा वरिष्ठांच्या समजूतदारपणावर अवलंबून राहते. मला समजूतदार माणसे भेटली. ज्यांना भेटत नाहीत ते आजार लपवतात, तपासणी टाळतात, रजा संपेल म्हणून उपचार अर्धवट सोडतात. ज्यांच्या हाती वेळापत्रक असते त्यांनी हे ओळखावे. एक तास खाली आणल्याने संस्थेचे नुकसान होत नाही आणि एक माणूस कामात राहतो.

पुढची वाट

आकडा आणखी खाली गेला की कृत्रिम मूत्रपिंड किंवा आरोपण. विल्हेम कोल्फ ह्यांनी १९४३ साली, जर्मन ताब्यातील हॉलंडमध्ये सेलोफेनची नळी गुंडाळलेल्या पिंपातून पहिले कृत्रिम मूत्रपिंड चालवले. आपल्या देशात वेलोरला १९७१ साली जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे यशस्वी आरोपण झाले. अवयवदानाचा कायदा १९९४ सालचा. जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना डायलिसिस मोफत मिळावे म्हणून २०१६ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. माझ्या डाव्या हाताच्या शिरेतून रक्त काढू देत नाही. पुढे फिस्टुला करावा लागला तर ती शीर शाबूत हवी. पत्नीने स्वतःच्या तपासण्या करून घेतल्या आहेत. त्याविषयी घरात फार बोलणे होत नाही, कागद कपाटात आहेत.

विद्यार्थ्यांना शेवटी एवढेच सांगणे आहे. लघवीतील प्रथिनांची तपासणी, रक्तातील क्रिएटिनिन आणि रक्तदाब, ह्या तीन गोष्टींना मिळून अर्धा तासही लागत नाही. घरात मधुमेह असेल, रक्तदाब असेल, कोणाला मूत्रपिंडाचा विकार झालेला असेल, तर वर्षातून एकदा त्या करून घ्याव्यात. थकवा आला की आळस म्हणू नये आणि परस्पर टॉनिकही पिऊ नये, हिमोग्लोबिन मोजावे. आकडा पुरुषांत १३ च्या आणि स्त्रियांत १२ च्या खाली असेल तर कारण शोधावे. आपल्या मुलींत ते बहुधा लोहाचा अभाव हेच निघेल आणि ते बरे होण्यासारखे असते. क्वचित ते दूरच्या अवयवात निघेल. आणि तोंडी परीक्षेत मूत्रपिंडाचे कार्य विचारले, तर 'रक्त गाळणे' एवढ्यावर कोणी थांबू नये. मी परीक्षक असेन तर अर्धेच गुण मिळतील.